बाराव्याला दिलेली गाडी

आमच्या घरी ती गाडी आली तेव्हा माझ्या लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. तिच्यात दोनच माणसं बसू शकतात हे बघून मला वेडीला आनंद झाला. वाटलं, चला, एक हे आणि एक मी. पुढे कळलं की दुसरी जागा वकिलीच्या बॅगेची होती, आणि बॅग नसेल तेव्हा कुणातरी मित्राची. मी वर्षातून दोन-चारदा बसले असेन, तेही डोक्याला रुमाल बांधून. गाडीला छप्पर म्हणजे नावाला एक कापड, आणि ते वर ओढलं की यांचा जीव गुदमरायचा.

आमचे यजमान हायकोर्टात वकील. जुन्या निजामी जमान्यातल्या एका जहागीरदारांचा जमिनीचा खटला यांनी वर्षानुवर्षं चालवला आणि जिंकला. जहागीरदारांनी खुशीनं आपल्या देवडीतली, म्हणजे वाड्यातली, ही गाडी यांच्या हवाली केली. "वकीलसाब, ये अब आपकी," एवढंच म्हणाले. गाडी विलायती, गडद हिरवी, लांब नाकाची, चाकांना सायकलसारख्या तारा. शर्यतीत पळवायची चीज ती. चिक्कडपल्लीच्या गल्लीत भाजीच्या हातगाडीमागे अडकून नुसती गुरगुरायची. रविवार सगळा तिचा. सकाळी तिला पुसायचं, मग उघडायचं, मग अफझलगंजला जाऊन कुठला तरी वॉशर नाहीतर पट्टा शोधून आणायचा, दुपारी तो बसवायचा आणि संध्याकाळी तलावाकाठच्या टँकबंडवर एक चक्कर. जेवायला हाक मारली की "आलो, आलो" म्हणायचे, आणि वरण गार व्हायचं.

एक गोष्ट सांगते, म्हणजे माझा राग उगाच नव्हता हे कळेल. आम्हाला मूल होणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी ज्या दिवशी स्पष्ट सांगितलं, त्या दिवशी आम्ही त्याच गाडीतून घरी आलो. मी शेजारी बसून पदराआड रडत होते. नारायणगुड्याच्या चौकात यांनी गाडी हळू केली, मान कलती केली आणि मला म्हणाले, "आवाज जरा वेगळा येतोय, नाही का गं?" माणूस वाईट नव्हता. तोंडून कधी वेडावाकडा शब्द नाही, हात उगारणं तर लांबच. पण त्या दिवशी त्यांना आवाज ऐकू आला तो इंजिनाचा. मी ते विसरले नाही.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर घरात दोन म्हातारी माणसं आणि एक मोटार, करायचं काय? विद्यानगरला आपल्या मराठी मंडळींच्या एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह होतं. बीदर, निजामाबाद, आदिलाबादकडच्या खेड्यांतल्या मराठी मुली तिथं राहून कॉलेज करायच्या. दर शनिवारी मी तिथं गणित शिकवायला जाऊ लागले. गोड पोरी होत्या. बोलायच्या मराठीत, भांडायच्या दख्खनीत आणि मनातल्या मनात आकडेमोड करायच्या तेलुगूत. मला सगळ्या "बाई" म्हणायच्या, आणि मला ते फार आवडायचं.

थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की त्यांचं गणित कच्चं आहे ते डोक्यामुळे नव्हे, पाण्यामुळे. आवारातली विहीर कधीच आटलेली. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेचं. बाकी सगळा भरवसा टँकरवर, आणि टँकर कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसायचं. बाहेर हॉर्न वाजला की माझा वर्ग रिकामा. हातातली पेन्सिल तशीच टाकून पोरी बादल्या घेऊन पळायच्या, जिना चढून वर पाणी न्यायच्या आणि परत येऊन बसल्या की हात कापत असायचे. परीक्षेच्या दिवसांतही हेच. एका मुलीला टँकरपायी पेपरला उशीर झाला आणि आत घेतलं नाही. वर्ष बुडालं, आणि वर्ष बुडालं म्हणून बापानं गावाकडे नेऊन लग्न लावून टाकलं. काय डोकं होतं त्या पोरीचं. तेव्हापासून माझ्या मनानं एकच धरलं, काही करून या आवारात बोअर मारायची.

ट्रस्टचे अध्यक्ष अफझलगंजातले लोखंडाचे मोठे व्यापारी. बोलणं असं मऊ की ऐकणाऱ्याला गुंगी यावी. मी त्यांना कितीदा तरी गाठलं. दर वेळी हात जोडून म्हणायचे, "ताई, तुमची तळमळ कळते हो. पण निधी नाही." एकदा यजमानांनाही म्हटलं, आपण देऊ या काहीतरी. ते म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय ते चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

त्याच वर्षांत दिल्लीनं बाजार मोकळा केला आणि आमच्या गल्लीचं रूपच पालटलं. ज्यांच्या दारात स्कूटर होती तिथं चारचाकी आली. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या. समोरच्या किराणावाल्याच्या पोरानं वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि वर्षभरात दुकानच बंद केलं. आणि एक गंमत झाली. आमच्या ज्या गाडीकडे बघून भंगारवाला "वजन पे लेतौं अम्मा" म्हणायचा, तिची एकाएकी व्हिंटेज झाली. नव्या पैशाच्या लोकांना जुन्या वस्तूंचे डोहाळे लागले होते. स्वतःच्या आजोबांकडे बैलगाडी होती हे झाकायला दुसऱ्याच्या आजोबांची मोटार हवी. दारासमोर कुणी ना कुणी थांबून विचारायला लागलं. यजमान कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नसत.

आणि मग यजमान गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. मी रडले, नाही कशाला म्हणू? एवढ्या वर्षांची सोबत होती.

यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे दीर. क्रियाकर्म करायला तेच बसले, कारण आम्हाला मुलगा नव्हता. भाऊ गेल्याचं दुःख त्यांना झालं होतं, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण सुतक फिटायच्या आतच एक मुंबईचा शेठ आमच्याकडे भेटायला आला. भेटायला म्हणून आला आणि माझ्यासमोर अर्धा क्षण बसून बाहेर पोर्चमध्ये गेला. खिडकीतून मी बघत होते. शेठ गाडीभोवती फिरत होता, वाकून खाली बघत होता, आणि भाऊजी कानाशी लागून काहीतरी सांगत होते. तो गेल्यावर मी विचारलं, "भाऊजी, कोण होते हे?"

"दादाच्या ओळखीचे. तुम्ही नका त्यात डोकं घालू, वहिनी. तुम्हाला त्यातला हिशेब काय कळणार? मी बघतो सगळं."

जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला हे सांगत होते. वारस मी, गाडी माझी, आणि सौदा हे करणार. तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडणार कशी? घरात माणसं भरलेली होती.

बाराव्याला दानं असतात. आमच्याकडे छत्री, जोडा, काठी, पाण्याचं भांडं, अंथरूण-पांघरूण असं सगळं मांडून ठेवलं होतं. गुरुजी एकेक वस्तू पुढे घेत होते आणि जमलेल्या मंडळींना समजावून सांगत होते की छत्री दिली म्हणजे गेलेल्या माणसाला यमाच्या वाटेवर ऊन लागत नाही, जोडा दिला म्हणजे काटे बोचत नाहीत. भाऊजी डोक्याचा गोटा करून, बोटात दर्भ घालून बसलेले, प्रत्येक वस्तूवर पळीनं पाणी सोडत होते. गुरुजी म्हणाले, "गेलेल्याला जे अतिप्रिय, ते आवर्जून द्यावं. ते त्याला तिकडे पोचतं."

मी आतल्या दाराशी बसले होते. कुठून सुचलं कोण जाणे. म्हटलं, "गुरुजी, यांना अतिप्रिय म्हणजे गाडी. ती द्यायची आहे."

गुरुजी बिचारे घाबरले. म्हणाले, "ताई, मी सायकलवाला माणूस. गाडी घेऊन काय करू?"

"तुम्हाला नव्हे. मुलींच्या वसतिगृहाला. अध्यक्ष इथं बसलेच आहेत."

भाऊजींची मान गर्रकन वळली. "वहिनी, हे आपण नंतर निवांत बोलू."

"निवांत कशाला, भाऊजी? भावाच्या नावानं दान होतंय, त्याला तुमची ना आहे का?"

सगळे नातेवाईक, शेजारी, कोर्टातली मंडळी, अध्यक्ष, सगळे त्यांच्याकडे बघत होते. ना कोण म्हणणार? गुरुजींनी ताम्हनात गाडीची किल्ली ठेवली, तिच्यावर तुळशीचं पान ठेवलं, आणि भाऊजींनी स्वतःच्या हातानं पाणी सोडलं. त्या वेळी त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. माझ्या डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ होतं. ट्रस्ट गाडी विकणार, गिऱ्हाईक तर दारात उभं आहे, आणि त्यातून मुलींच्या आवारात बोअर पडणार.

"विका" असं मात्र मी तोंडानं म्हटलं नाही. म्हणायची गरज काय? वसतिगृहातल्या पोरी ती गाडी काय नेसणार होत्या की पांघरणार? शेंबड्या पोराला कळेल एवढी साधी गोष्ट. पण मी ज्या लोकांना ती दिली त्यांचं शहाणपण मी धरलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

महिना गेला, दुसरा गेला. गाडी वसतिगृहाच्या आवारात उभी. मी अध्यक्षांना विचारलं, विक्रीचं कुठवर आलं? त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

"ताई, असं बोलू नका. बाराव्याला उदक सोडलेली वस्तू, ती विकायची? छत्री, जोडा विकतो का कुणी? वस्तू इथं नीट राहिली तर तिकडे साहेबांच्या कामी येणार. विकली तर साहेब वर पायी चालतील."

"इथं असताना ते कोपऱ्यावरच्या पोस्टात सुद्धा पायी गेले नाहीत," मी म्हटलं. "आता चालू द्या थोडं. बरंच आहे प्रकृतीला."

ते हसले. त्यांना वाटलं मी दुःखानं काहीबाही बोलते आहे. मग ट्रस्टची बैठक झाली. तिथं मी पुन्हा सांगितलं, हवं तर लिहून देते, मी साहेबांची बायको आहे, पाप लागलं तर मला लागेल, पण विका आणि बोअर मारा. एकेकानं मान डोलावली, डोळे मिटले, उसासे टाकले. एक म्हातारे ट्रस्टी म्हणाले, "तुमचा त्याग मोठा आहे, पण आम्हाला आमचा धर्म आहे." मुंबईचा शेठ परस्पर त्यांच्याकडेही जाऊन आला होता म्हणे. त्यालाही हात जोडून परत पाठवलं. यजमानांच्या हाताखाली शिकलेल्या एका वकिलाला मी विचारलं, दान परत घेता येईल का? तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बिनशर्त दिलंत. अट घालायची तर तेव्हाच घालायला हवी होती." झालं. शास्त्रही त्यांच्या बाजूनं आणि कायदाही.

धर्माची खरी गोम मला हळूहळू दिसायला लागली. आवाराच्या मधोमध गाडीसाठी पत्र्याची शेड उभी राहिली. शेडला कुलूप, कुलपाची किल्ली अध्यक्षांकडे. मग त्यांच्या पुतण्याची वरात त्या गाडीतून निघाली. गणपतीच्या मिरवणुकीत अध्यक्ष तिच्यात बसून हात हलवत गेले. पेपरात फोटो आला. दसऱ्याला गाडी त्यांच्या दुकानासमोर, झेंडूची माळ घालून. साहेबांच्या आत्म्याला बरंच फिरवत होते. आणि दुसऱ्या सीटवर कोण, तर आमचे भाऊजी. दात्याचे बंधू म्हणून त्यांना ट्रस्टवर घेतलं होतं. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. माझ्यावरचा त्यांचा राग पार निवळला होता. "वहिनी, तुम्ही फार योग्य केलंत," असं मला गणपतीच्या भर मांडवात म्हणाले.

एका रविवारी एका मुलीची शंका राहिली होती म्हणून मी अवेळी वसतिगृहात गेले. शेड उघडी होती. चार-पाच मुली पदर खोचून, ओढण्या कमरेला बांधून गाडी धूत होत्या. बादल्या भरून पाणी ओतत होत्या. आदल्या दिवशीच टँकर अर्धा रिकामा आला होता, टँकरवाला माझ्यासमोर म्हणाला होता, "क्या करना अम्मा, इत्ताच मिल्या." ते पाणी होतं हे.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

आदिलाबादकडची एक सावळी, उंच पोर होती. तिनं कपाळावरचा घाम पुसला. "दर रविवारी असते बाई आमची पाळी. गाडीला दर रविवारी, आन् आमच्या केसांना पंधरा दिवसांनी." आणि हसली. बाकीच्याही हसल्या. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं, म्हणून तर मला जास्त लागलं.

मी तशीच रिक्षा करून अफझलगंजला अध्यक्षांच्या दुकानावर गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "मुलींना सेवेचं वळण लागतं, ताई. सासरी कामी येईल." मी चहाला हात लावला नाही. म्हटलं, "पोरींच्या तोंडचं पाणी काढून तुम्ही लोखंडाला पाजताय. साहेबांनी जन्मभर गाडी स्वतः धुतली, कधी मोलकरणीला सुद्धा हात लावू दिला नाही. त्यांच्या नावानं हे करू नका." ते म्हणाले, बघू. तिथं सुद्धा बघूच.

घरी येऊन मी कपाट उघडलं आणि पाटल्या, गोठ, सासूबाईंनी घातलेला चपलाहार, सगळं बाहेर काढलं. कुणासाठी ठेवायचं होतं? मागे ना मूल ना सून. सोनाराकडे गेले आणि मोकळी झाले. मग ट्रस्टला कळवलं की बोअर माझ्या पैशानं, तुमचा निधी नको, फक्त तुमच्या जमिनीवर मारू द्या. आता तरी नाही म्हणायला जागा नव्हती. मी एक पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ आडवा धरून आवारभर फिरला आणि गाडीच्या शेडपाशी आला तसा नारळ उभा राहिला. मी गणिताची बाई, नारळावर माझा भरवसा नाही. म्हणून विद्यापीठातले भूगर्भाचे एक प्राध्यापक आणले. त्यांनी तारा लावून, यंत्र ठेवून तपासलं आणि तेही शेडपाशीच येऊन थांबले. म्हणाले, बाकी आवारात खाली नुसता खडक आहे, पाणी असलं तर इथंच.

अध्यक्ष म्हणाले, "शेड हलवायची नाही."

मी विचारलं, का. म्हणाले, साहेबांची जागा आहे. तिथं आता उदबत्ती लागते, मंडळी नमस्कार करतात. तिथं भोक पाडायचं म्हणजे बरं दिसत नाही. भाऊजी शेजारीच होते. मी त्यांच्याकडे बघितलं, म्हटलं निदान हे तरी बोलतील. ते चष्मा पुसत बसले.

तो उन्हाळा तसाच गेला. माझे पैसे बँकेत पडून, पोरी जिन्यावर बादल्या घेऊन. शनिवारी वर्गात बसलं की मला त्यांच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. पुढे अमेरिकेत गेलेल्या आपल्याच काही मंडळींना गाडीचे फोटो दाखवून ट्रस्टनं वर्गणी जमवली. आता अशा जुन्या गाड्यांची तिकडे फार अपूर्वाई. आवाराच्या पुढच्या बाजूला गाडीसाठी स्मृतिकक्ष बांधायचं ठरलं. निधी नाही म्हणणाऱ्यांकडे संगमरवर आला, काचेच्या भिंती आल्या, वर पिवळे दिवे आले. गाडी तिथं गेली आणि शेडची जागा मोकळी झाली. मग मला बोलावून परवानगी दिली. अटी दोन. बोअरला साहेबांचं नाव, आणि उद्घाटन ट्रस्ट ठरवेल तसं. मी म्हटलं, हवं तर तुमच्या लोखंडाचं नाव द्या, पण आता मशीन येऊ द्या.

बोअरची गाडी आली त्या दिवशी मी सकाळपासून छत्री घेऊन उन्हात उभी. आधी नुसती धूळ, पांढरी, डोळ्यांत जाणारी. मग ओलसर माती. दुपार कलली आणि आतून घरघर आली, चिखल उसळला आणि त्याच्यामागून पाणी. पोरी चिखलात नाचायला लागल्या. मलाही ओढलं. त्या वयात, त्या गुडघ्यांनी मी नाचले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस, लग्नाच्या दिवसापेक्षा चांगला.

पण पाइप बसला, मोटर बसली आणि बटणाच्या पेटीला कुलूप लागलं. मुहूर्त व्हायचा होता. यजमानांची तिथी जवळ आली होती, त्याच दिवशी उद्घाटन करू म्हणाले. तोवर खाली पाणी होतं आणि वर पोरी टँकरची वाट बघत होत्या. तिथी उजाडली. मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर. गाडी काचेतून बाहेर काढून बोअरच्या समोर उभी केलेली, झळझळीत. मुली नव्या साड्या नेसून, रिकाम्या घागरी आणि बादल्या घेऊन रांगेत उभ्या. भाषणं झाली. साहेबांचा त्याग, साहेबांची दृष्टी. माझ्या पाटल्यांचं नाव कुणी काढलं नाही, आणि मला ते काढून नकोही होतं.

अध्यक्षांनी बटण दाबलं. पाइप खोकला, लालसर पाणी आलं आणि मग स्वच्छ, हाताएवढी जाड धार. रांग पुढे सरकली. अध्यक्षांनी चांदीचा तांब्या भरून घेतला आणि बटण बंद केलं.

"थांबा मुलींनो. आधी साहेबांचा मान." तांब्या माझ्यापुढे धरला. "ताई, पहिलं पाणी गाडीला. तुमच्या हातानं."

माझ्या तोंडात शब्द तयार होते. सगळं आयुष्यभराचं बोलायचं होतं, आणि माईकही जवळ होता. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. एक हात तांब्यावर, दुसरा बटणाच्या पेटीवर, बोटांत किल्ली. जमीन त्यांची, पेटी त्यांची. मी आज तोंड सोडलं तर हे लोक दुखावणार, आणि दुखावले की पुन्हा बैठक, पुन्हा मुहूर्त. मागे पोरी उभ्या होत्या. उन्हानं तोंडं लाल झालेली, घागरी रिकाम्या. त्या उंच सावळ्या पोरीनं तर ओठांवरून जीभ फिरवली.

मी तांब्या घेतला आणि गाडीवर ओतला. सगळा ओतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी हात जोडले. आणि मला रडू आलं, इतकं की आवरेना. रागानं, नुसत्या रागानं. हातातला तांब्या कुणाच्यातरी कपाळात घालावा असं वाटत होतं आणि घालता येत नव्हता, म्हणून. मग मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "आता चालू करा." त्यांनी चालू केलं.

फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. तो मोठा करून स्मृतिकक्षात लावला आहे, खाली लिहिलं आहे, "पतीच्या आठवणीनं व्याकूळ झालेल्या दात्री." दर वर्षी वसतिगृहात नव्या मुली येतात. त्यांना आधी तो कक्ष दाखवतात आणि मग माझ्या वर्गात पाठवतात. त्यांच्यातली एखादी तरी हळूच म्हणतेच, "बाई, साहेबांवर तुमचा किती जीव होता."

मी विचारते, पाणी भरून झालं का सगळ्यांचं? हो म्हणतात. मग मी म्हणते, चला, वह्या काढा.